उद्यमनगरातल्या मेस्त्रींना, टायमिंग चेनबद्दल मनापासून थँक्यू

मेस्त्री, तुम्ही मोबाईलवर असलं काही वाचत नाही हे माहितीय मला, पण तुमचा पोरगा वाचतो, तो दाखवेल तुम्हाला. समोर आलो की तुम्ही "राहू दे हो साहेब" म्हणून कामाला लागता, बोलूच देत नाही, म्हणून इथं लिहितोय.

गाडी २०१० ची, पेट्रोल, बाबांनी रिटायर झाल्यावर घेतलेली. हे काम झालं तेव्हा १ लाख ६२ हजार किलोमीटर झाले होते. आईचं डायलिसिस सुरू झाल्यापासून आठवड्यातून दोनदा कागल ते कोल्हापूर जायचं यायचं आणि तिथून परत येताना तिच्यात एसटीत बसायचं त्राण नसतं, त्यामुळं ही गाडी बंद पडून आम्हाला चालणारच नव्हतं.

आवाज दिवाळीपासून येत होता. सकाळी पहिली चावी मारली की खर्रर्र, पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवल्यासारखं, दोन-तीन सेकंद, मग एकदम गप्प. एका ठिकाणी दाखवलं तर टॅपेट सेट करून दिले, फरक शून्य. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले जुनं इंजिन आहे, जाड ऑइल घाला, आणि २०-५० घातलं. गरम झाल्यावर आवाज कमी वाटला पण सकाळचा वाढला. का वाढला ते तुम्ही सांगितलं तेव्हा कळलं, टायमिंग चेन म्हणजे क्रँक आणि कॅम एका तालात फिरवणारी इंजिनमधली साखळी, ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो, थंडीत जाड ऑइल तिथं पोचायलाच वेळ लागतो, आणि तोवर चेन ढिली राहून कव्हरच्या आत आपटत असते.

मग एका मंगळवारी आईला सोडून येताना चेक इंजिनची लाइट लागली आणि रंकाळ्याच्या सिग्नलला गाडी उभ्या उभ्या थरथरायला लागली. कुणीतरी तुमचा पत्ता दिला. तुम्ही स्कॅनर नंतर लावला, आधी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनच्या पट्ट्याच्या बाजूला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मग तोच माझ्या हातात दिला. ऐका म्हणालात. आतली खडखड इतकी स्वच्छ ऐकू आली की माझ्या अंगावर काटा आला. स्कॅनरवर पी००१६ हा कोड आला, म्हणजे क्रँक (पिस्टनला जोडलेला दांडा) आणि कॅम (व्हॉल्व उघडणारा दांडा) यांचा मेळ चुकलाय, आणि तुम्ही सरळ चावी काढून खिशात टाकली. "साहेब, ही गाडी आता हितनं हलवायची न्हाई."

मी किती गयावया केली, शुक्रवारपर्यंत चालू द्या, शनिवारी आणून लावतो. तुम्ही शांतपणे सांगितलं की चेनचा एखादा दात जरी अजून सुटला तर व्हॉल्व पिस्टनवर आपटणार, व्हॉल्व वाकले की हेड उतरवायचं, आणि ते हायवेवर आई मागं झोपलेली असताना झालं तर काय करणार. वर म्हणालात शुक्रवारची काळजी सोडा. आणि खरंच, त्या दिवशी आईला न्यायला परस्पर आणि शुक्रवारी घरापासून, दोन्ही वेळा तुमची व्हॅन आणि तुमचा पोरगा. डिझेलचे पैसे पण घेतले नाहीत. आई अजून त्याची चौकशी करते.

काम चालू असताना तुम्ही मला मुद्दाम बोलावलंत. इंजिनखाली जॅक, मध्ये लाकडी ठोकळा, माउंटिंग काढलेलं, पुढचं कव्हर उतरवलेलं. जुनी चेन आणि नवी चेन तुम्ही भिंतीवरच्या एकाच खिळ्याला शेजारी शेजारी अडकवल्या. जुनी खाली लांब लोंबत होती, जेमतेम करंगळीच्या नखाएवढी. मग दोन्ही आडव्या धरल्यात, नवी बऱ्यापैकी सरळ राहिली, जुनी कमानीसारखी वाकली. लोखंड रबरासारखं ताणत नाही, प्रत्येक कडीतली पिन आणि बुश थोडं थोडं झिजतं आणि एवढ्या कड्यांची ती फट एकत्र होते, हे मला आयुष्यात कुणी असं दाखवलं नव्हतं. टेन्शनरचा प्लंजर जवळजवळ पूर्ण बाहेर आलेला, पुढं सरकायला जागाच नाही. चेन ज्यावरून सरकते त्या प्लास्टिकच्या गाइडला दोन खोल चरे, एक कोपरा तुटून गायब. तो तुकडा शोधायला तुम्ही ऑइलचं चेंबर उतरवलंत, जाळीत अडकलेला निघाला, आणि त्याची वेगळी मजुरी लावली नाहीत.

चेन एकटी बदलून स्वस्तात करा असं मीच म्हणालो होतो. तुम्ही ऐकलं नाहीत ते बरं झालं. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन टाकली तर तीही लवकर खराब होणार, म्हणून चेन, टेन्शनर, दोन्ही गाइड, दाते, सगळं किट. खुणा जुळवल्यावर क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवलात, कुठं अडतंय का बघितलंत, पुन्हा खुणा तपासल्यात, आणि मग कव्हर लावलंत. त्यावर "सिलिकॉन रात्रभर बसू दे" म्हणून गाडी ठेवून घेतलीत. मला घाई होती, तुम्हाला नव्हती, आणि याच गोष्टीचे मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत.

शनिवारी सकाळी सात वाजता फोन केलात, या, थंड इंजिनवर तुम्हीच चावी मारा. मी मारली. खर्रर्र नाही, काही नाही, लगेच लागली आणि सुरळीत चालू राहिली. मला खरंच भरून आलं होतं, तुम्ही हात पुसत दुसऱ्या गाडीकडं वळला होतात. एकूण १४,३०० झाले, प्रत्येक पार्टचं बिल जोडलेलं, जुने पार्ट खोक्यात घालून दिलेले.

चेनला बेल्टसारखं बदलावं लागत नाही म्हणून मी निर्धास्त होतो, मधली दोन वर्षं ऑइल १४-१५ हजार किलोमीटरला बदललं, तेही टॉप-अप करत करत. तुम्ही रागावला नाहीत, फक्त बॉनेटच्या आत पांढरी पट्टी चिकटवून त्यावर मार्करनं पुढच्या ऑइलचं किलोमीटर, १,६७,०००, लिहिलंत आणि कॅनवर ५-३० हा पातळ ऑइलचा नंबर लिहून दिलात. परवा मीटरवर १,६६,८०० झाले. शुक्रवारी आईला सोडलं की गाडी तुमच्याकडं लावतो, दुपारी न्यायला येईन.