पहिल्या रात्रपाळीआधी

भुसावळ

चि. राहुल,
अनेक आशीर्वाद.

तू रेल्वेच्या यार्डात पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा, म्हणून रुजू झाल्याचं कळलं. तुझ्या मायने देवापुढे साखर ठेवली. मला मात्र झोप आली नाही. तुझ्या यार्डात पेट्रोल, गॅस, अमोनियाचे टँकर उभे असतात, आणि इथल्या यार्डात मी वॅगन तपासण्यात ३२ वर्षं काढलीत.

भाऊ, धावत्या गाडीला सगळेच भितात. मी उभ्या गाडीला भितो. हवेचा ब्रेक लागलाय म्हटलं की माणूस निर्धास्त होतो, पण हवा हळूहळू गळते. जुलै २०१३ मध्ये कॅनडातल्या लाक-मेगांतिकला तेच झालं. कच्च्या तेलाचे ७२ टँकर रात्री उतारावर उभे केले. हँडब्रेक लावले, पण पुरेसे नाही. इंजिनाला आग लागली, ती विझवताना इंजिन बंद केलं, ब्रेकमध्ये हवा भरणं थांबलं, हवा उतरत गेली आणि माणसाविना गाडी गावात शिरली. ४७ जीव गेले.

हँडब्रेकचं चाक घट्ट फिरलं म्हणजे ब्रेक लागला, असं समजू नकोस. मधे काही अडकलं तरी ते घट्टच लागतं. खाली वाक, बॅटरी मार, ब्रेक ब्लॉक चाकाला टेकलाय का बघ, बुटाने ढकल. हलला तर ब्रेक नाहीच. मग चाकाखाली पाचर, चाक रुळाला बांधायला साखळी, कुलूप. कुणी कितीही घाई करो, हे स्वतः बघायचं.

मी नवा असताना एका टँकरच्या खालच्या व्हॉल्व्हमधून पेट्रोल ठिबकत होतं. कॅन घेऊन बायापोरं धावली. एकाच्या तोंडात पेटती बिडी! ती मी हाताने ओढून मुठीत चुरगळली. तळव्यावरचा डाग तू लहानपणी विचारायचास, तो हाच. इराणात निशापूरजवळ २००४ साली उभे वॅगन आपोआप सुटले, घसरून पेटले. विझवायला, बघायला गर्दी जमली आणि काही तासांनी स्फोट झाला. सुमारे ३०० माणसं गेली. म्हणून आधी गर्दी हटव. लोक शिव्या देतील, देऊ दे.

डोळे चुरचुरले, उग्र वास आला तर आधी वारा बघ. वाऱ्याला आडवा निघ, नाल्यात उतरू नकोस. क्लोरीनसारखा जड वायू जमिनीलगत साचतो.

तुझ्या मायने कळण्याचं पीठ बांधून ठेवलंय, येणाऱ्याबरोबर पाठवतो. पहिल्या रात्रपाळीहून आलास की फोन कर. किती हँडब्रेक बांधले, ते आधी सांग.

तुझे बापू