जनुकांच्या नकाशावर आवृत्ती ठळक दिसावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डीएनएच्या अक्षरांच्या (A, C, G, T) क्रमावर जनुक कुठे सुरू होते, एक्झॉन (जनुकाचा अंतिम आरएनएमध्ये टिकणारा तुकडा) कुठे संपतो, हे रंगीत पट्ट्यांनी दाखवणारी सॉफ्टवेअर आता विद्यार्थीही वापरतात. मात्र त्या पट्ट्या ज्या आकड्यांवर उभ्या असतात, त्यांच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. अशा खुणा नोंदवण्याच्या जेनबँक आणि जीएफएफ या फाइल-मांडण्यांत पहिल्या अक्षराचा क्रमांक 1 असतो, तर बेड (BED) या मांडणीत तो 0 असतो आणि शेवटचे स्थान मोजणीत धरले जात नाही, त्यामुळे पहिली दहा अक्षरे एकीकडे 1 ते 10, तर दुसरीकडे 0 ते 10 अशी लिहिली जातात. (शून्यापासून मोजणे संगणकवाल्यांना स्वाभाविक वाटते, जीवशास्त्रवाल्यांना नाही.) कोडॉन, म्हणजे प्रथिनासाठी एकत्र वाचला जाणारा अक्षरगट, तीन अक्षरांचा असल्याने एका अक्षराची चूकही प्रथिनाचे सगळे वाचन बिघडवते.

त्याहून फसवी बाब संदर्भक्रमाची, म्हणजे ज्या प्रमाण डीएनए-क्रमावर ही स्थाने मोजली जातात त्याची, आहे. मानवी जनुकसंचाच्या संदर्भक्रमाच्या 2009 मधील जीआरसीएच37 या आवृत्तीवरच्या खुणा 2013 मधील जीआरसीएच38 या आवृत्तीवर तशाच ठेवल्या, तर पट्टी सुबक दिसते, पण बहुधा भलत्याच जागी. म्हणून संदर्भक्रमाची आवृत्ती आणि मोजणीची पद्धत मेनूच्या तळाशी दडवण्याऐवजी पट्टीच्या शेजारीच दाखवावी आणि छापील आकृतीतही द्यावी, अशी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना व शिकवणाऱ्यांना विनंती आहे.

आपला,
जीवशास्त्राचा एक शिक्षक