कान कोणाचा टोचायचा?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मिसरातील (इजिप्तमधील) दास्यातून झालेल्या सुटकेची आठवण जागवणाऱ्या वल्हांडण या यहुदी सणावरील आपल्या रविवारच्या लेखात, पळून जाणाऱ्या दासाचा कान टोचावा अशी मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा असल्याचे छापले आहे. हे साफ चुकीचे आहे. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या 21व्या अध्यायात कान टोचला जातो तो सहा वर्षे भरल्यावरही धन्याला सोडून जायला नकार देणाऱ्या इब्री (यहुदी) दासाचा. पळून आलेल्या दासाला तर त्याच्या धन्याच्या हवाली करू नये, असे अनुवाद या पुस्तकाचा 23वा अध्याय बजावतो.

कानच का, याचे रब्बी (धर्मगुरू) योहानान बेन झक्काई यांनी दिलेले उत्तर तालमुद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथात आहे. इस्राएलवंशज हे देवाचे दास आहेत, हे सिनाय पर्वतावर ज्या कानाने ऐकले तो कान असूनही या माणसाने स्वतःहून दुसरा धनी पत्करला, म्हणून तो टोचावा. मिसरातून सोडवून देवाने ज्यांच्याशी करार केला, त्यांनी पुन्हा माणसाची दास्यता मागणे हा त्या कराराचाच भंग, असा हा अर्थ आहे.

गेल्या वर्षी आमच्या शहरातील एका व्याख्यानमालेत वक्त्यांनी हेच चुकीचे विधान केले. मी बेने इस्राएली, म्हणजे मराठीभाषक यहुदी. लहानपणापासून वल्हांडणातील सेदर या विधिभोजनाच्या रात्री 'आम्ही मिसरात फारोचे दास होतो' हे मराठीतून ऐकत आलो आहे. मी उभा राहिलो, तर 'धर्माची वकिली नको' असे सांगून अध्यक्षांनी मला खाली बसवले. तो अपमान अजून सलतो, कारण मला काहीही झाकायचे नव्हते. परजातीय दास वारसाहक्काने ठेवण्याची मुभा लेवीय या पुस्तकाच्या 25व्या अध्यायात आहे, आणि गुलामगिरी बायबलला मान्य असल्याचे प्रवचन न्यूयॉर्कचे रब्बी मॉरिस राफाल यांनी जानेवारी 1861 मध्ये दिले होते, हेही मी सांगणार होतो. बाल्टिमोरचे रब्बी डेव्हिड आइनहॉर्न यांनी राफाल यांचे म्हणणे जाहीरपणे खोडून काढले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये जमावाच्या भीतीने आइनहॉर्न यांना शहर सोडावे लागले. ग्रंथ एकच, तरी त्याच्या अर्थासाठी एवढी किंमत मोजणारी माणसे आमच्यात होऊन गेली, ही बाजू श्रोत्यांपर्यंत पोहोचलीच नाही.

आपल्या त्या लेखासोबत फुगलेल्या पावाचे छायाचित्र छापणेही अक्षम्य आहे. वल्हांडणाच्या दिवसांत खमीर घातलेले अन्न आम्ही घरातही ठेवत नाही.

कृपया दोन्ही चुकांची दुरुस्ती येत्या रविवारच्या अंकात, लेख होता त्याच पानावर छापावी, ही विनंती.

आपला,
एक बेने इस्राएली वाचक, ठाणे