मिक्सिंगचा पहिला धडा फेडरचा

संपादक महोदय,

मल्टिट्रॅक ध्वनिमुद्रण (प्रत्येक आवाज आणि वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घेणे) आता घरच्या संगणकावर सहज होते. मात्र त्याविषयी जे लिहिले जाते त्यात कोणते सॉफ्टवेअर चांगले, याचीच चर्चा जास्त. रीपर घ्या, आर्डर घ्या, नाहीतर ऑडॅसिटी. नवशिक्याचे मिक्स सॉफ्टवेअरमुळे क्वचितच बिघडते. गायन आणि वाद्ये यांच्या पातळ्या जुळवायच्या आधीच प्रत्येक ट्रॅकवर ईक्यू (खर्ज-तार पट्टे कमीजास्त करणारा), कंप्रेसर (मोठे आवाज दाबणारा) आणि रिव्हर्ब (खोलीतल्यासारखा घुमारा देणारा) चढवला जातो, तिथे ते बिघडते.

खरे तर घोळ रेकॉर्डिंगपासूनच सुरू होतो. मीटर वर टेकेपर्यंत आवाज चढवायचा, ही टेपच्या काळातली सवय. तेव्हा टेपची खरखर झाकण्यासाठी ते गरजेचे होते. २४ बिटच्या डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये दर बिटमागे सुमारे ६ डेसिबल धरले तर तात्त्विक आवाका १४४ डेसिबलचा होतो. त्यामुळे सरासरी पातळी उणे १८ (शून्य म्हणजे डिजिटल मीटरची कमाल मर्यादा) आणि सर्वांत मोठे सूर उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास राहिले तरी काहीच गमावत नाही. उलट इंटरफेसवर (माइक संगणकाला जोडणाऱ्या उपकरणावर) सिग्नल शून्याच्या पुढे गेला की लहरींचे माथे छाटले जातात, आणि मग फेडर (ट्रॅकची पातळी कमीजास्त करणारी सरकपट्टी) कितीही खाली ओढला तरी ती करकर जात नाही.

मिक्सला बसताना सगळे इफेक्ट बंद ठेवावेत आणि सगळे फेडर तळाशी आणावेत. गाण्यातला सर्वांत भरगच्च भाग लूपवर लावावा. आधी गायन वर आणावे, मास्टरचा, म्हणजे सगळ्या ट्रॅकच्या एकत्रित आवाजाचा, मीटर उणे १०च्या वर जाणार नाही इतकेच. मग बास, ड्रम आणि शेवटी बाकीची वाद्ये. एखादे वाद्य बुडत असेल तर ते वाढवण्याआधी त्याला झाकणारे दुसरे कोणते ते शोधून कमी करावे. नाहीतर एकेक फेडर वर सरकत जातो आणि अर्ध्या तासात मास्टर लाल होतो. केवळ फेडर आणि पॅन (आवाज डावी-उजवीकडे ठेवणे) वापरून गाणे उभे राहत नसेल, तर प्लगइनने (ईक्यू, कंप्रेसरसारख्या जोड-सॉफ्टवेअरने) ते उभे राहण्याची शक्यता कमीच.

हे सगळे मोठ्या आवाजात करू नये. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि अतितार स्वर तुलनेने कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले होते. स्पीकर मोठा केला की सगळेच भरदार वाटते आणि तेच मिक्स हळू लावल्यावर पोकळ निघते. समोरच्याशी नेहमीच्या आवाजात बोलता येईल इतकीच पातळी पुरे. याच कारणाने प्लगइन चालू-बंद करून तुलना करताना दोन्ही वेळची पातळी सारखी करून घ्यावी. नुसता एक डेसिबल वाढला तरी ‘सुधारला’ असा भास होतो.

मिक्स अधूनमधून मोनोमध्ये (डावी-उजवी बाजू एकत्र करून) ऐकणे हा कंटाळवाणा पण सर्वांत उपयोगी उपाय. एकच गिटार दोन माइकवर घेतली आणि एक माइक ३४ सेंटिमीटर मागे असला, तर त्याचा आवाज सुमारे एक मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. दोन्ही ट्रॅक सारख्या पातळीवर एकत्र झाले की ५००, १५००, २५०० हर्ट्‌झ अशा ठिकाणी ते एकमेकांना खोडतात. डावी-उजवीकडे पॅन केलेले असताना हे लक्षात येत नाही, मोनो केल्यावर गिटार डब्यातून वाजल्यासारखी येते. अशा वेळी ईक्यूशी झगडण्यात अर्थ नाही. वेव्हफॉर्म मोठे करून उशिराचा ट्रॅक तेवढाच आधी, म्हणजे डावीकडे, सरकवावा, किंवा एकाची पोलॅरिटी (लहरीचे वर-खाली) उलटून पाहावी. खर्ज ज्यात भरीव राहील ते ठेवावे. ट्रॅकची नक्कल करून थोडी मागे ढकलायची आणि ‘रुंद’ आवाज मिळवायचा, या लोकप्रिय युक्तीतही हाच धोका आहे.

यानंतर ईक्यू. गायनावर ८० ते १०० हर्ट्‌झखालचे हाय-पास फिल्टरने (खालचे स्वर गाळणाऱ्या) काढावे, २०० ते ४००च्या पट्ट्यात घुसमट असेल तर दोन-तीन डेसिबल उतरवावे. पण ठरवताना सगळी वाद्ये वाजती हवीत. (एकच ट्रॅक ऐकवणारे सोलो बटण मोठे फसवे, एकटा सुंदर वाटणारा ट्रॅक गर्दीत नेमका अडचणीचा ठरतो.) कंप्रेसर ३:१ या गुणोत्तरावर ठेवून तीन-चार डेसिबलच दाबावे. अटॅक (दाबणे सुरू व्हायला लागणारा वेळ) फार जलद ठेवला तर व्यंजनांची आणि ड्रमच्या ठोक्यांची धार जाते. एखादीच ओळ दबत असेल तर तेवढ्यापुरते व्हॉल्यूम ऑटोमेशन (पातळी त्या जागी आपोआप बदलेल अशी नोंद) केलेले बरे.

रिव्हर्ब प्रत्येक ट्रॅकवर वेगळा न लावता एका बसवर (अनेक ट्रॅकचा आवाज एकत्र येणाऱ्या सामाईक मार्गावर) लावावा आणि ट्रॅकवरून सेंड द्यावा, म्हणजे आवाजाची प्रत तिकडे पाठवावी. तिथे वेट (इफेक्ट दिलेल्या आवाजाचे प्रमाण) शंभर टक्के हवा; नाहीतर मूळ आवाजही बसमधून परत येतो आणि सेंड वाढवला की पातळी फुगते.

एक्स्पोर्ट करताना प्रोजेक्टचा सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने घेतले जातात तो दर) बदलू नये, लिमिटरची (ठरावीक पातळीपुढे आवाज जाऊ न देणाऱ्या प्लगइनची) कमाल मर्यादा उणे १ डेसिबलवर ठेवावी आणि शेवटच्या सुरानंतर चार-पाच सेकंद जास्त निवडावेत, म्हणजे रिव्हर्बची शेपटी कापली जात नाही.

– एक ध्वनिमुद्रण तंत्रज्ञ