हार्पर यांचा नकार आडमुठेपणाचा नव्हता

'एका आमदाराने अडवलेला करार' हा कॅनडाच्या मीच लेक कराराविषयीचा, म्हणजे फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांताला राजी करण्यासाठी आखलेल्या घटनादुरुस्तीविषयीचा, लेख (रविवार पुरवणी) वाचला. मॅनिटोबा प्रांताचे आमदार एलिजा हार्पर यांच्या हट्टामुळे क्वेबेकशी होऊ घातलेला समेट फिसकटला, हा त्यातला सूर मला अन्यायकारक वाटतो.

हार्पर १९८१ मध्ये मॅनिटोबा विधानसभेत निवडून आले. सरकारशी करार झालेल्या मूलनिवासी समाजातून तिथे पोहोचलेले ते पहिलेच. १९८६ मध्ये त्यांच्याकडे मूलनिवासी व्यवहारांचे मंत्रिपद आले. म्हणजे हे प्रश्न त्यांनी सत्तेत बसूनही हाताळले होते. १९८७ चा करार मात्र पंतप्रधान आणि दहा प्रांतप्रमुखांनी आपसात ठरवला, मूलनिवासींना विचारलेच नाही. ज्यांच्या भूमीवर हा देश उभा राहिला, त्यांनाच घटनादुरुस्तीच्या चर्चेत जागा नव्हती!

कराराला सर्व प्रांतांच्या विधानसभांची मंजुरी लागणार होती. जून १९९० मध्ये त्याची मुदत संपत आली, तेव्हा मॅनिटोबात नेहमीचे नियम बाजूला ठेवून ठराव घाईने मांडायला सर्व आमदारांची संमती हवी होती. हार्पर यांनी हातात गरुडाचे पीस धरून ती नाकारली, पुन्हापुन्हा नाकारली. त्यांनी कोणताही नियम मोडला नाही. उलट नियमांना बगल देऊ दिली नाही. शिवाय न्यूफाउंडलंड प्रांतानेही आधी दिलेली संमती १९९० मध्ये मागे घेतली होती. मग अपयशाचे खापर एकट्या हार्पर यांच्या माथी का? लेखात याचा उल्लेख यायला हवा होता.

– एक वाचक, नाशिक