कमी वीज जाळणाऱ्याचंच युनिट महाग

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वीजदर वाढले की आपल्या पत्रव्यवहारात आठवडाभर पत्रं येतात आणि ती जवळजवळ सगळी युनिटच्या दराबद्दल असतात. शंभरच्या वर गेलं की बिल कसं अंगावर येतं, एसी लावायची सोय उरली नाही, वगैरे. मला त्याच बिलातल्या ‘स्थिर आकार’ या ओळीबद्दल, म्हणजे युनिट कितीही जळोत, दर महिन्याला द्यावीच लागते त्या ठरावीक रकमेबद्दल लिहायचं आहे. दीड-दोन हजारांच्या बिलात ती रक्कम किरकोळ वाटते, म्हणून कोणी तिच्याकडे बघत नाही. तीनशेच्या आतल्या बिलात ती किरकोळ नसते.

मी दापोली तालुक्यातल्या एका वाडीत राहते. बचत गटाचा हिशेब माझ्याकडे असल्याने आसपासच्या चार-सहा म्हाताऱ्या माणसांची वीजबिलंही माझ्याच मोबाइलवरून भरली जातात. पैसे रोख आणून देतात, सुट्टे मोजून. भरायच्या आधी बिल वाचायची माझी खोड आहे आणि त्यातूनच हे पत्र निघालं.

शेजारच्या काकूंचं बिल घेऊ. काकू एकट्या असतात. महिन्याचा वापर 20 युनिट. माजघरात एक आणि स्वयंपाकघरात एक एलईडी, रात्री टेबलफॅन, संध्याकाळी थोडा वेळ टीव्ही, मोबाइलचं चार्जिंग. पाणी विहिरीचं, आंघोळीचं पाणी चुलीवर, वाटण पाट्यावर. हिशेब महावितरणच्या 2024-25 च्या दराने करते. त्यानंतर 2025 च्या मार्चमध्ये दर ठरवणाऱ्या आयोगाचा नवा आदेश, लगेच त्याला स्थगिती, मग जूनमध्ये फेरविचाराचा आदेश, असा घोळ झाला. त्यात शिरलं तर पत्र संपायचं नाही. 2024-25 मध्ये पहिल्या 100 युनिटांना वीज आकार 4 रुपये 71 पैसे आणि वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत पोचवण्याचा आकार, 1 रुपया 17 पैसे होता, म्हणजे युनिटला 5 रुपये 88 पैसे. वीस युनिटांचे झाले 117 रुपये 60 पैसे. स्थिर आकार 128 रुपये. म्हणजे वापरलेल्या विजेपेक्षा तार दारात आली आहे त्याचेच पैसे जास्त. मग या सगळ्या बेरजेवर 16 टक्के वीज शुल्क. हो, स्थिर आकारावरसुद्धा. एकूण 285 रुपयांच्या घरात, इंधनाच्या खर्चाप्रमाणे कमी-जास्त होणारा इंधन समायोजन आकार वेगळा. भागाकार केला तर काकूंना एक युनिट सव्वाचौदा रुपयांना पडलं.

हाच भागाकार महिन्याला 300 युनिट जाळणाऱ्या घराचा करून बघा. तिथे शंभरच्या पुढच्या युनिटांना वहन आकाराशिवाय 10 रुपये 29 पैशांचा दर लागायचा, ज्याच्या नावाने सगळे ओरडतात. शुल्कासकट बिल येतं 3489 रुपयांच्या आसपास आणि युनिट पडतं 11 रुपये 63 पैशांना. माझ्या घरी फ्रिज, मिक्सर, टीव्ही सगळं आहे, वापर 95 च्या आसपास. मला युनिट पडतं 8 रुपये 38 पैशांना. दराचे टप्पे केले ते कमी वापरणाऱ्याला स्वस्त पडावं म्हणून. आणि प्रत्यक्षात या तीन घरांत सगळ्यात महाग वीज कोण घेतं, तर टेबलफॅनवाली काकू. मी पहिल्यांदा हा हिशेब मांडला तेव्हा कुठेतरी चुकलं म्हणून मुलाकडून तपासून घेतला. चुकलेलं नव्हतं.

काकूंना श्रावणबाळ योजनेचे महिना 1500 रुपये मिळतात. त्यातला पाचवा हिस्सा इथेच गेला. लोक म्हणतात, काटकसर करा. काय करायची? साठ वॅटचा बल्ब काढून नऊ वॅटचा एलईडी लावून झाला. त्यात महिन्याला सात-आठ युनिटं वाचली, म्हणजे पन्नासेक रुपये. दुसरीकडे 2020-21 ला स्थिर आकार 100 रुपये होता तो 2024-25 ला 128 झाला. शुल्क धरून 32 रुपये. एलईडीने दिलं त्यातलं निम्म्याहून जास्त याने परत नेलं. त्या वर्षी काकू अंधारात बसल्या असत्या तरी महिन्याला 148 रुपये द्यायचेच होते.

गरिबांसाठी वेगळा दर आहे ना, असं मला तालुक्याला एका जाणकाराने सुनावलं. आहे. पण त्याला दोन अटी आहेत. वर्षाचा वापर 360 युनिटांच्या आत हवा आणि मंजूर भार, म्हणजे घरात एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढायची परवानगी आहे तो आकडा, अगदी थोडा हवा. पहिल्या अटीत काकू सहज बसतात, वर्षाला 240 होतात. दुसऱ्या अटीत अडकतात, कारण घर बांधलं तेव्हा मुलाने चांगला एक किलोवॅटचा भार मागून घेतला होता.   इतक्या थोड्या भारात राहणारं घर आज शोधून काढावं लागेल. कमी वापरणारा माणूस आणि या व्याख्येतला गरीब ग्राहक यांच्या मधल्या फटीत किती घरं आहेत, हे आमच्यासारख्या वाडीत आल्याशिवाय दिसत नाही.

दुसरी बाजू मला कळते. खांब, तारा, रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), वायरमनचा पगार हे युनिट मोजून कमी-जास्त होत नाहीत. वीजनिर्मिती कंपन्यांशी केलेल्या करारांतही वीज घेतली काय, न घेतली काय, ठरावीक रक्कम द्यावीच लागते. वीज कायदा 2003 च्या कलम 45 मध्ये स्थिर आकार घ्यायला स्पष्ट मुभा आहे. छपरावर सोलर बसवून बिल शून्याजवळ आणणाऱ्यांनीही तारेचे पैसे द्यायला हवेत, रात्री ते तिच्यावरच असतात. खरं सांगायचं तर डोंगरात सुट्या सुट्या घरांपर्यंत तार ओढायला शहरापेक्षा जास्तच खर्च येतो. तेव्हा स्थिर आकार रद्द करा असं माझं म्हणणं नाही.

माझा आक्षेप तो सगळ्यांना सारखा लावण्याला आहे. 2024-25 मध्ये सिंगल फेज घरगुती जोडणी म्हटली की एक किलोवॅटवाल्याला 128 आणि चार किलोवॅटवाल्यालाही 128. मोठं रोहित्र, जाड तार, जादा वीजखरेदी हे सगळं लागतं ते एप्रिल-मे मध्ये एकदम एसी सुरू होतात तेव्हाच्या मागणीसाठी. त्या मागणीत काकूंचा टेबलफॅन किती? दिल्लीत 2019 च्या दरआदेशाप्रमाणे घरगुती जोडणीचा स्थिर आकार मंजूर भारावर आहे: दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला 20 रुपये, दोन ते पाचपर्यंत 50. इतक्या लांब जायचीही गरज नाही. मुंबईत बेस्टच्या दरपत्रकात स्थिर आकार युनिटच्या टप्प्याप्रमाणे कमी-जास्त होतो. ते दरही आपलाच महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग मंजूर करतो. कुलाब्यात चालतं ते दापोलीत का चालू नये?

इथे एक अडचण मी स्वतःच सांगते, नाहीतर कोणीतरी सांगेलच. आमच्या वाडीत निम्म्याहून जास्त घरांना कुलूप असतं. चाकरमानी गणपतीला येतात, शिमग्याला येतात. त्यांची मीटरं वर्षभर शून्य दाखवतात. आमचे एक भाऊजी ठाण्याला असतात, ते दर खेपेला करवादतात की बंद घराचे वर्षाला पावणेदोन हजार कशाला? मीटर काढून दिला तर गणपतीत पुन्हा नवी जोडणी मागायची, अर्ज, पैसे, हेलपाटे. फक्त युनिट बघून सवलत दिली तर ती भाऊजींनाही मिळेल आणि समुद्राकडेला बंगले बांधून ठेवलेल्या मोठ्या लोकांनाही. म्हणूनच मला मंजूर भाराचा निकष बरा वाटतो. चार एसींचा बंगला बंद असला तरी त्याचा भार मोठाच राहतो. कोणी म्हणेल, लोक भार कमी दाखवतात आणि मागच्या दाराने एसी लावतात. लावतात, खरं आहे. पण आता जे स्मार्ट मीटर बसताहेत त्यांत कमाल मागणीची नोंद होते, तेव्हा ही लबाडी पकडता येईल. भाऊजींच्या कौलारू घराला थोडी सवलत मिळाली तर मिळू दे.

तूट कोणीतरी भरायची, हेही मला कळतं. माझ्या बिलात पाच-दहा रुपये वाढले तर मी कुरकुरेन, पण देईन. तीनशे युनिटवाल्याला ते जाणवणारही नाहीत. वीज कायद्याच्या कलम 62 नुसार आयोगाला लोड फॅक्टर (भाराच्या मानाने प्रत्यक्ष वापर किती) आणि एकूण वापर बघून ग्राहकाग्राहकात फरक करता येतो, त्यामुळे कायदा बदलायचीही गरज नाही. राष्ट्रीय वीज धोरणाने महिना 30 युनिटांची रेघ फार पूर्वीच आखून दिली आहे. गरिबांच्या दराची मंजूर भाराची अट सैल करून एक किलोवॅटपर्यंत नेली आणि वापराची 360 युनिटांची अट तशीच ठेवली, तरी काकूंसारख्यांचं काम भागतं.

दरवाढीच्या प्रस्तावावर आयोग सूचना-हरकती मागवतो, पण प्रत्यक्ष सुनावण्या होतात नवी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूरकडे. आमच्याकडून नवी मुंबईत बेलापूरला जायचं तर एसटीत दिवस जातो, आणि वीस युनिटवाली बाई तिथे उभी राहून बोलेल अशी आशा धरणं चूक आहे. पुढच्या खेपेला मी लेखी हरकत पाठवणार आहे, सोबत काकूंना विचारून त्यांच्या बिलांच्या झेरॉक्स. ज्या वाचकांच्या घरी, किंवा गावाकडे आई-वडिलांच्या घरी, 2024-25 मधल्या बिलांत 21 पर्यंतच युनिट असतील, त्यांनी ती काढून बघावीत. तिथे स्थिर आकार विजेच्या आकड्यापेक्षा मोठा सापडेल. त्या बिलाची प्रत हरकतीला जोडली तर आयोगापुढे नुसती तक्रार नाही, कागद जाईल.

आपली,
एक वाचक,
ता. दापोली, जि. रत्नागिरी