ध्वनिसंकल्पन शिकणाऱ्यांनी आधी काय निवडावे?

संपादक महोदय,

ठाण्यात एकांकिकांसाठी ध्वनिसंकल्पन शिकणारी अनेक मुले संगणकावरील मॉड्युलर सिंथेसायझरपासून (आवाज घडवणारे सुटे भाग पडद्यावरच्या तारांनी जोडायचे सॉफ्टवेअर) सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात, याची मला खंत वाटते. तारा जोडून आवाज घडवताना कान तयार होतो, हे खरे. पण पावसाचा प्रत्येक थेंब प्रयोगागणिक वेगळा पडावा असे वाटले, की तारांचा गुंता आवरत नाही आणि सुपरकोलायडरसारख्या, आवाज घडवण्यासाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या मोजक्या ओळी ते काम करतात. जेम्स मॅकार्टनी यांनी १९९६ मध्ये आणलेली ही भाषा २००२ पासून मुक्तस्रोत आहे. मिलर पकेट यांचे प्युअर डेटा हे आवाज घडवण्याचे सॉफ्टवेअरही विनामूल्य असून, त्यात ओळी न लिहिता पडद्यावरच्या चौकटी जोडूनच प्रोग्रॅम रचता येतो. म्हणून नवशिक्यांनी आधी प्युअर डेटाच घ्यावे, असे माझे मत आहे. नाट्यशिबिरांनी हा विषय शिकवावा, ही कळकळीची विनंती.

– एक ध्वनिसंकल्पक, नौपाडा, ठाणे